जाड ओठाची खडशी

मासा मारायचा तर डोळ्यांच्या जरा मागे, डोक्याच्या मध्यावर, एकच ठोका बसला पाहिजे. हलका बसला तर मासा तडफडत राहतो, आणि तडफडून मेलेल्या माशाचं यकृत लवकर खराब होतं. माझ्या संशोधनाचे मार्गदर्शक असलेल्या सरांनी हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं. त्यासाठी मी घरच्या खलातला जुना लोखंडी बत्ता आणला होता. वर्गात कुणी प्रश्न विचारला तर मला बोलता यायचं नाही, पण बत्त्याचा नेम कधी चुकला नाही. ठोका, पोटावर सरळ काप, बोटांनी यकृत सोडवायचं, काचेच्या नळीत भरायचं, नळी बर्फात. दुपारपर्यंत टेबल लाल होऊन जायचं आणि माशा घोंघावायला लागायच्या.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. पुण्याहून जीपनं आम्ही मुळशीच्या वरच्या अंगाला, ताम्हिणीच्या अलीकडच्या एका नदीकाठच्या गावात जायचो. आम्हाला खडशी हवी होती. खडशी म्हणजे मोठ्या खवल्यांचा, सोनेरी झाक असलेला गोड्या पाण्यातला मासा. पुस्तकांनी तिच्या दोन प्रजाती केल्या होत्या. एकीचे ओठ पातळ, दुसरीचे जाड, मांसल, खाली लोंबणारे. बाकी दोघी इतक्या सारख्या, की तोंड झाकलं तर जुन्या जाणकारांचंही एकमत होत नसे.

सरांना हा वाद माशाच्या आत शिरून सोडवायचा होता. प्रत्येक जीव आपली प्रथिनं जनुकांच्या हुकमानं घडवतो. बटाट्याच्या स्टार्चची खळ शिजवून तिची वडी थापायची, यकृताच्या रसात भिजवलेले कागदाचे कपटे तिच्यात खोचायचे आणि दोन टोकांना वीज जोडायची. प्रथिनं त्या वडीतून आपापल्या चालीनं सरकतात. मग रंग ओतला, की ती जिथं थांबली तिथं निळे पट्टे उमटतात. माशांच्या दोन प्रजाती खरोखर वेगळ्या असतील, तर काही पट्टे तरी वेगळ्या जागी उमटायला हवेत. स्वयंपाकघरातल्या कामासारखंच ते काम होतं आणि मला ते आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नसे.

गावाच्या देवळाखाली नदीचा खोल डोह होता. तो देवाचा. तिथल्या माशांना लोक चुरमुरे टाकायचे, पण गळ किंवा जाळं टाकायचं नाही, हा नियम होता. डोह जिथं संपतो तिथं कातळाचा एक आडवा उंबरा होता. त्या उंबऱ्याच्या खाली मासेमारी सगळ्यांना खुली. पावसाळ्यात पाणी उंबऱ्यावरून वाहायचं आणि मासे वरखाली करायचे, पण त्याकडे कुणी लक्ष देत नसे.

पहिल्या हिवाळ्यात सर देवळाच्या पायऱ्यांवर उभे राहून गावातल्या पुरुषांना समजावून सांगत होते. लोक कान देऊन ऐकायला लागले की सर खुलत. डोहात पृष्ठभागाशी काही मोठे, जाड ओठाचे मासे फिरत होते, आणि आम्ही उंबऱ्याखालून घेतलेला पातळ ओठाचा एक मासा सरांच्या हातात होता.

"तो वरचा निराळा आणि हा निराळा," सर म्हणाले. "ओठ बघा. दोन वेगळे मासे आहेत हे."

"मंजी देवाचा मासा येगळाच म्हना की," पाटलांचा थोरला मुलगा म्हणाला.

"अगदी. देवाचा वेगळा, माणसांचा वेगळा." सर हसले, मग सगळेच हसले.

आमचे निकाल अजून यायचे होते. सरांना ते माहीत होतं, गावाला नव्हतं.

पाटलांचा थोरला आमच्याशी अदबीनं वागायचा. शाळेचा व्हरांडा त्यानंच आम्हाला मिळवून दिला होता. तो पुण्यात दोन वर्षं कॉलेजला होता, परीक्षा सोडून परत आला होता, आणि मला 'मॅडम' म्हणताना त्याला स्वतःलाच बरं वाटत असावं.

आम्हाला मासे आणून देणारा माणूस बौद्धवाडीतला. चाळिशीचा, काटक, तोंडानं फटकळ. मला तो डाक्टरीणबाई म्हणायचा.

"तुमी मासं मारता आन् खात न्हाई. लई पाप हाय ह्ये," तो एकदा टेबलापाशी उभा राहून म्हणाला.

"यकृत काढल्यावर उरलेलं तुम्हीच नेता ना?"

"मंग! पाप तुमचं, कालवण आमचं."

त्याच्या बायकोनं मला पहिल्यांदा घरी बोलावलं तेव्हा दारातच विचारलं, "आमच्यातला च्या चालंल का?" आमच्या ड्रायव्हरनं पोट बिघडल्याचं सांगितलं आणि तो बाहेरच थांबला. मी आत गेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि घरी जुळतात तसे माझे हात आपोआप जुळले. बाईनं ते पाहिलं. मीही त्यांच्यातलीच होते. वडील खडकीला कारखान्यात नोकरी करत. त्यांनी हट्टानं मला इंग्रजी शाळेत घातलं, आणि त्या शाळेत मी सगळ्यात आधी शिकले ते हे, की विचारल्याशिवाय आपलं काही सांगायचं नाही. गावात कुणी विचारलं तर मी फक्त नाव सांगायचे. चष्मा, इंग्रजी आणि जीप बघून आडनाव लोकांनी आपापल्या मनानं लावलं होतं.  बाईनं पुढच्या खेपेला न विचारता पेला हातात दिला, आणि मला 'तू' म्हणायला लागली.

त्या वर्षी नवराबायकोनं पाटलांच्या शेतावर राबायला जाणं बंद केलं होतं. नदी होती, वाडीतली आणि गावातली गिऱ्हाइकं होती, वर आम्ही होतो. मासळीवर घर चालत होतं. गावात ही गोष्ट खुपत होती हे मला दिसायचं. तो शाळेकडे यायला लागला की पारावरचं बोलणं थांबायचं.

उन्हाळ्यात आम्हाला जाड ओठाच्या ताज्या माशांची यकृतं हवी होती. सर पुण्यात होते. ड्रायव्हर पौडला बर्फ आणायला गेला होता, सकाळचा थोडा बर्फ डब्यात उरला होता. मी व्हरांड्यात टेबल मांडून बसले होते. बौद्धवाडीतला तो माणूस नदीकडून आला तेव्हा त्याच्या खांद्यावर ओलं गोणपाट होतं आणि त्यात तीन मासे, जिवंत. मला लांबूनच त्यानं हात केला.

पारावरून तिघं उठले. पाटलांचा थोरला आणि त्याचे दोन चुलतभाऊ. एकानं गोणपाट ओढलं. मासे धुळीत पडले आणि शेपट्या आपटायला लागले.

"ह्यो कुटला?" थोरल्यानं विचारलं.

"खालचा. उंबऱ्याच्या खालचा."

"ओठ बघ की त्येचं. सरांनी समद्यांम्होरं सांगितलंय. ह्यो देवाचा."

"मंग सरास्नीच जाऊन इचारा. वरच्या डोहात मी हात घातला न्हाई."

"न्हाई घातला? आपसूक आला व्हय तुज्या गोनीत? जयजयकार करत?"

"औंदा बांधावर पाय न्हाई ठेवला ह्यानं," धाकटा चुलतभाऊ म्हणाला. "लई माज आलाय मासळीचा."

थोरल्यानं वाकून सगळ्यात मोठा मासा शेपटीपाशी दोन्ही हातांनी पकडला, उचलला आणि त्या माणसाच्या तोंडावर मारला. मासा चांगला हातभर लांब होता. ओल्या मांसाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या फटक्याला तो गुडघ्यावर आला. त्याच्या गालावर खवले चिकटले होते, रुपयाएवढे, उन्हात चमकणारे, आणि त्यांच्या कडेनं रक्त येत होतं. मासा अजून जिवंत होता. थोरला मारत राहिला. माशाचे कल्ले फाटले, तेव्हा त्याचं रक्त कुठलं आणि माणसाचं कुठलं हे कळेनासं झालं.

मी व्हरांड्यातून उतरून तिथपर्यंत गेले.  मी थोरल्याच्या दंडाला धरलं. त्यानं हात झटकला, पण आवाज चढवला नाही.

"मॅडम, तुमी बाजूला व्हा. गावचं हाय ह्ये."

दुसऱ्या चुलतभावानं खाली पडलेल्या माणसाचं उजवं मनगट पकडून पायरीच्या दगडावर दाबलं. धाकट्यानं चुलीला लावायचा एक दगड उचलला होता. "जाळं टाकायचा ह्योच न्हवं?" असं त्यानं विचारलं, खरंच माहिती विचारावी तसं, आणि दगड बोटांवर आपटला. मग पुन्हा. मी हाताच्या अंतरावर होते. बोटं कशी वाकली ते मी पाहिलं. तो ओरडला नाही, श्वास आत ओढल्यासारखा आवाज मात्र त्याच्या छातीतून आला आणि त्याच्या पायाची टाच धुळीत घासत राहिली.

ते निघून गेले. जाताना थोरला म्हणाला की पंचांसमोर बैठक होईल आणि वाडीतलं कुणी नदीवर दिसलं तर पाय मोडले जातील.

मी ओढणी फाडून त्याचा हात बांधला, त्याला सावलीत भिंतीला टेकवलं आणि पाणी पाजलं. मग मी धुळीतल्या माशांकडे वळले. उष्णतेत यकृत फार वेळ टिकत नाही. दोन मासे अजून हलत होते, त्यांना मी उचलून टेबलावर ठोका दिला. तिसऱ्याचं डोकं उरलं नव्हतं, पण पोट शाबूत होतं. मी कापायला सुरुवात केली तेव्हा त्याची बायको वाडीकडून धावत आली. तिनं नवऱ्याला पाहिलं, मग मला.

"माज्या मानसाचं रगत वाहतंय," ती म्हणाली, "आन् तू माशाचं काळीज काढत बसलीयास?"

"ताई, हे देवाच्या डोहातले वेगळे मासे आहेत असं ते म्हणतात. हे आत्ता बर्फात ठेवलं नाही तर ते खोटं आहे हे मला दाखवता येणार नाही."

"त्यांला दाखीवनार तू?"

"हो."

 मग खाली पडलेला शेवटचा मासा तिनं उचलला आणि टेबलावर फेकला. माझ्या चष्म्यावर शिंतोडे उडाले.

"घे. ह्येचंबी काड."

तिला त्या क्षणी काय वाटलं असेल ते मला कळत होतं. तरी आजही मी तेच करेन.

ड्रायव्हर आल्यावर आम्ही जखमीला पौडच्या दवाखान्यात नेलं. जीपमध्ये एका बाजूला तो बायकोच्या खांद्यावर कलंडला होता, दुसऱ्या बाजूला माझ्या मांडीवर बर्फाचा डबा. डॉक्टरांनी फळ्या बांधल्या आणि सांगितलं, दोन बोटं पुन्हा मिटणार नाहीत.

पुण्याला पोचल्यावर मी खळ शिजवली. हिवाळ्यात घेतलेली पातळ ओठाच्या माशांची यकृतं गोठवून ठेवलेली होतीच. जाड ओठाच्या आणि पातळ ओठाच्या माशांचे कपटे एकाच वडीत शेजारीशेजारी खोचले. रंग चढला तेव्हा पट्टे एका रेषेत होते. दुसरं प्रथिन, तिसरं, आम्हाला जमत होती तेवढी सगळी तपासली. कुठंही फरक नव्हता. दोन मासे नव्हतेच, मासा एकच होता. दगडांच्या फटीत तोंड खुपसून खाणाऱ्याचे ओठ जाड होत असावेत, एवढंच. म्हणजे ओठांवरून मासा वरचा की खालचा हे सांगता येणार नव्हतं. तो माणूस सुटला, असं मला वाटलं.

सरांना आनंद झाला. पुस्तकं चुकली आहेत हे कुणाला तरी सांगायची त्यांना घाई झाली होती. बैठकीला त्यांनी बोलावं असं मी सुचवलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला.

"काम तू केलंस, तू सांग. मी बरोबर असेनच."

बैठक देवळासमोर होती. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला उन्हात वाडीतली माणसं. तो हात गळ्यात बांधून उभा होता, बायको त्याला लागून. नदी त्याची राहणार की नाही, एवढंच तिथं ठरायचं होतं. मी वडीचा फोटो वर धरला आणि बोलायला लागले. कान तापले होते, पण आवाज निघाला. माणसाचे हात कामानं घट्टे पडून जाड होतात, म्हणून तो वेगळा माणूस होत नाही, असं मी म्हणाले. एक म्हातारे पंच मान हलवत होते. "बराबर हाय पोरीचं," असं ते शेजाऱ्याला म्हणाले.

तेव्हा थोरल्यानं विचारलं, "मॅडम, तुमचं आडनाव काय ओ? कदी इचारायचं र्‍हाऊनच गेलं."

मी सांगितलं.

बैठकीतून एक कुजबुज फिरली. थोरला हसला नाही. त्याचा चेहरा फसवलं गेल्यासारखा झाला.

"हां. मंजी घरचाच साक्षीदार."

सर जमिनीकडे बघत होते.

"न्हाई, मॅडम सांगतात ते खरं धरू आपुन," थोरला पंचांकडे वळून म्हणाला. "मासा एकच हाय म्हनतात. मंग खालचाबी देवाचाच की. आजवर ह्यानं जेवढं मारलं तेवढं समदं देवाचं. आन् मॅडमनीबी."

 माझ्याच वाक्यांचा त्यानं दगड केला होता, आणि तो बरोबर बसला होता. पंच एकमेकांकडे बघायला लागले. नदी संपूर्ण बंद, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

तेव्हा त्याची बायको पुढे झाली.

"मंग तुमच्या घरात गेला त्यो कुनाचा व्हता?" तिनं थोरल्याला विचारलं. "तुमच्या आईसाहेब मागल्या दारानं दर बाजारी डोकं मागून घेत्यात. कालवनाला गोड लागतं म्हनत्यात. देवाचं डोकं खाल्लंसा की ओ तुमी समद्यांनी."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्यानंच घात केला. थोरल्यानं तीन पावलांत अंतर तोडून तिच्या तोंडावर लाथ मारली. ती कोसळली, पण पडतापडता तिनं त्याचा पाय धरला आणि पोटरीला दात लावले. तो किंचाळला, तिच्या पाठीत गुद्दे घालायला लागला. तिचा नवरा एका हातानं त्याच्या गळ्याशी पोचला, तेवढ्यात चुलतभावांनी त्याचा बांधलेला हात पिरगाळला. या वेळी तो ओरडला. मग दोन्हीकडून दगड सुरू झाले. वाडीतल्या एका म्हातारीचं कपाळ फुटलं. जीपची काच फुटून ड्रायव्हरच्या भुवईत शिरली. मी बाईला काखेत हात घालून मागे ओढलं. तिच्या तोंडातून रक्ताबरोबर दात पडला, तो तिनं मुठीत घेतला आणि सोडला नाही.

आम्ही सगळे एका जीपमध्ये कोंबून पौडला पोलीस ठाण्यात आलो. जीपमध्ये चढलो तेव्हा सर आधीच पुढच्या सीटवर बसले होते. ठाण्याच्या दारात त्यांनी मला थांबवलं.

"हे बघ, आपल्याला त्या नदीवर परत जायचंय. तुझं संशोधन आहे. मासा एकच आहे एवढं शास्त्रीय मत दे आणि निघू. बाकी आपण बाहेरचे."

मी आत गेले. थोरला आणि त्याचे दोघे चुलतभाऊ मोटारसायकलवरून आमच्या आधी पोचले होते. ते बाकावर बसून चहा पीत होते. थोरल्याच्या पोटरीला रुमाल बांधलेला होता. भिंतीजवळ जमिनीवर ती दोघं बसली होती. तिचं तोंड सुजून एका बाजूला ओढलं गेलं होतं.

मी फौजदारांना सांगायला लागले, ओठ, यकृत, पट्टे. त्यांनी हात वर केला.

"बाई, मासा एक का दोन, मला त्याचं काय करायचंय? हे म्हणतात, माणूस कातळावरून पडला आणि बोटं मोडली. तो म्हणतो, यांनी मोडली. बाहेरचा साक्षीदार असेल तर गुन्हा घेतो, आणि मग त्याला नदीवरून कोण हटवतो ते मी बघतो. नसेल तर दोघांना समज देऊन सोडतो. नदीचं तुमचं तुम्ही गावात मिटवा."

"मॅडमला लांबून नीट दिसलं नसंल," थोरला बाकावरून म्हणाला. "चष्मा हाय त्यांला."

"किती लांब होतात?" फौजदारांनी मला विचारलं.

दारात सर खाकरले. जमिनीवरून ती माझ्याकडे बघत होती, मागत काही नव्हती. बघणार काय करतेस, एवढंच तिच्या नजरेत होतं.

"हाताच्या अंतरावर," मी म्हणाले. मग मी बाकाकडे वळले आणि एकेकाकडे बोट करून सांगत गेले. याच्या हातात मासा होता, यानं त्या माशानं तोंडावर मारलं, मासा फाटेपर्यंत. यानं मनगट पायरीवर दाबलं. यानं दगड उचलला, आधी विचारलं, जाळं टाकायचा हाच ना, आणि मग मारला, एकदा नाही. आणि आज यानं या बाईंच्या तोंडावर लाथ मारली, तेव्हा त्यांच्या हातात काही नव्हतं. मी सावकाश बोलत होते, काही सुटू नये म्हणून. 

फौजदारांनी टोपी सारखी केली आणि तिघांना चहाचे ग्लास खाली ठेवून उभं राहायला सांगितलं.